निवृत्त खेळाडू पोरांना शिकवायला उतरला की आपण आधी "याला यातून काय मिळणार?" हेच का विचारतो?

निदानरेषा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहूनच टाकते.

आमच्या सोसायटीमागे, सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूला महापालिकेचं एक मैदान आहे. गेल्या दिवाळीपासून तिथे दर रविवारी सकाळी एक माजी आंतरराष्ट्रीय कबड्डीपटू मुलांना शिकवायला येतात. त्यांना न विचारता लिहितेय, म्हणून नाव देत नाही. फी नाही, फलक नाही, टी-शर्टवर कुणाचं नाव नाही. पंचवीस-तीस मुलं येतात. निम्मी आमच्या सोसायटीतली, निम्मी मागच्या वस्तीतली. माझी बारा वर्षांची लेक त्यांतलीच एक.

मागच्या आठवड्यात सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यावरून दोन दिवस धुमश्चक्री चालली. "फुकट कोण काय करतं आजकाल?" "नगरसेवक व्हायचं असेल." "आधी फुकट, मग अकादमी, मग पन्नास हजार फी." एकाने तर मैदान बळकावायचा डाव आहे असंही लिहिलं. लिहिणाऱ्यांपैकी एकालाही मी रविवारी मैदानावर पाहिलेलं नाही.

मी काय पाहिलं ते सांगते. वस्तीतला एक लुकडा मुलगा आहे, डाव्या कोपऱ्यात खेळतो. चढाई करणारा जवळ आला की घोट्यावर झेप घेतो खरा, पण झेप घेताना डोळे गच्च मिटतो. परवा सरांनी बाकीच्यांना जोड्या लावून दिल्या आणि स्वतः त्याच्यावर चढाईला गेले. निदानरेषा, म्हणजे चढाई करणाऱ्याला ओलांडावीच लागते ती रेषा, ओलांडायची, उजवा पाय पुढे सरकवायचा आणि म्हणायचं, "धर." हात हवेत गेला. पुन्हा मागे, पुन्हा पाय पुढे, "धर." मी मोजत नव्हते, पण तीस-चाळीस वेळा तरी झालं असेल. सरांच्या उजव्या गुडघ्यावर शस्त्रक्रियेची वीतभर खूण आहे, खाली बसताना तो पाय लांब करूनच बसतात. तोच पाय ते पुढे टाकत होते. शेवटी एकदा पोराचे डोळे उघडे राहिले आणि घोट्याभोवती दोन्ही हातांची कडी बसली. सर धाडकन मातीत. पडल्यापडल्या म्हणाले, "आता सोडू नकोस, बाकीचे अजून यायचेत."

शंका घेऊच नये असं माझं म्हणणं नाही. पण कुठली शंका रास्त आणि कुठली नुसती सवयीची, हे कसं ओळखायचं? तुमचे अनुभव लिहा.

लालमाती

ताई, चांगला विषय काढलात. आमचं घर पेठेतलं. आजोबा आणि वडील दोघंही तालमीत होते, माझेही लहानपणीचे दोन-तीन हिवाळे तिथेच गेले.

शंका आजची नाही. "वस्ताद एक डाव राखून ठेवतो" ही म्हण आपल्याच मातीतली. आदराने बोलताना वापरतात, पण तिच्यात हिशेबही आहे. शिष्य पूर्ण तयार होऊ नये, उद्या आपल्यालाच आस्मान दाखवू नये, म्हणून वस्ताद हातचं राखतो असं लोक मानत आले. वस्तादाच्या पाया पडायचं आणि त्याच्या मनात काय आहे याचा अंदाजही बांधायचा, हे दोन्ही जुनंच.

पण पुण्यातच बघा. रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार गोकुळ वस्ताद तालमीत पोरं घडवत होते. बीड जिल्ह्यातून आलेला राहुल आवारे त्यांच्याच हाताखालचा. २०११ मध्ये बिराजदार मामा गेले. त्यानंतर राहुल काका पवारांकडे, कात्रजच्या संकुलात तयार झाला. काका स्वतः अर्जुन पुरस्कार मिळालेले मल्ल. २०१८ ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत राहुलने ५७ किलोत सुवर्ण घेतलं आणि ते मामांना अर्पण केलं. २०१९ ला जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य. एका वस्तादाने सुरू केलेलं काम दुसऱ्याने पुरं केलं. राखून ठेवलेला डाव यात मला तरी कुठे दिसत नाही.

जानेवारी २०२० ची महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती मी बालेवाडीत बसून पाहिली. हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके, दोघेही काकांचेच पठ्ठे. हर्षवर्धन जिंकला आणि त्याने हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं. माझ्या शेजारी बसलेले एक म्हातारे पैलवान फेटा सोडून डोळे पुसत होते. अशी माया पोरांच्यात आपोआप येत नाही. एका ताटात जेवून, एकमेकांच्या अंगाला माती चोळून येते, आणि ती वाढेल अशी तालीम चालवावी लागते.

वस्तादाच्या मनात काय आहे ते मापायचं माप कुणाकडे नसतं. पहाटे पाच वाजता कुस्तीच्या हौद्यात कोण उतरलंय ते मात्र दिसतं.

पावती_जपून_ठेवा

मी दुसऱ्या बाजूने लिहिणार आहे. रागावू नका.

माझ्या मुलाला दोन वर्षांपूर्वी एका अकादमीत घातलं. नाव, खेळ, जागा काहीच सांगत नाही. दारावर देशासाठी खेळलेल्या एका मोठ्या खेळाडूचा पुरुषभर उंच फोटो. वर्षाची फी एकरकमी भरली, त्यासाठी माझ्या बायकोने भिशी उचलली. माहितीपत्रकात लिहिलं होतं, "यांच्या प्रत्यक्ष मार्गदर्शनाखाली". वर्षभरात ते गृहस्थ दोनदा आले. एकदा उद्घाटनाला आणि एकदा बक्षीस समारंभाला. दोन्ही वेळा पोरांना रांगेत उभं करून फोटो काढले. रोज शिकवायला होता एकोणीस-वीस वर्षांचा एक कॉलेजकुमार. त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही, जीव तोडून शिकवायचा, पण त्यालाच दोन महिने पगार मिळाला नव्हता. हे मला त्यानेच सांगितलं.

बक्षीस समारंभाच्या दिवशी माझ्या मुलाने त्या खेळाडूला विचारलं, "सर, माझा फोरहँड बघाल का?" ते म्हणाले, "नक्की, पुढच्या वेळी." पोरगा पुढची वेळ कधी येते म्हणून तीन महिने कॅलेंडर बघत होता. मग त्याने खेळ सोडला. रॅकेट अजून कपाटावर आहे.

फी परत मागितली तर पावतीच्या मागची बारीक अक्षरं दाखवली. त्यामुळे फुकट शिकवणाऱ्याबद्दल कुणी संशय घेतला की मला त्या माणसाचा राग येत नाही. त्याने कुठेतरी चटका खाल्लेला असतो.

रानजाई

पावती, वाचून पोटात तुटलं. मुलगा आता काय करतो?

पावती_जपून_ठेवा

सायकल चालवतो. एकटाच.

वजीर

पावती यांचा राग शंभर टक्के रास्त. पण तो राग खोटं बोलण्याचा आहे, पैसे घेण्याचा नाही. या दोन गोष्टी आपण फार लवकर एकत्र करतो.

सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेच्या क्लासला लोक कर्ज काढून पैसे भरतात आणि शिकवणाऱ्याला "सर" म्हणतात. गाण्याच्या क्लासची फी वाढली तर बाई लोभी झाल्या असं कुणी म्हणत नाही. खेळाडूने फी लावली की मात्र तो "धंद्याला लागला". पस्तिशीत कारकीर्द संपते, शरीर मोडकळीला आलेलं असतं, आणि त्याला दुसरं काही येत नसतं. जे येतं ते शिकवून त्याने घर चालवलं तर त्यात कमीपणा कसला?

आमच्या बुद्धिबळात पुण्याचे अभिजित कुंटे आहेत. २००० साली भारताचे चौथे ग्रँडमास्टर झाले. २०२४ ला बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारतीय महिलांनी सुवर्ण जिंकलं तेव्हा कर्णधार तेच होते, म्हणजे पटावर न बसणारा कर्णधार. कुणाला खेळवायचं आणि कुणाला विश्रांती द्यायची हे ठरवायचं. जिंकलं तर नाव खेळणाऱ्यांचं, हरलं तर बोट कर्णधाराकडे. विश्वनाथन आनंद यांनी २०२० च्या अखेरीस वेस्टब्रिज या गुंतवणूक कंपनीच्या मदतीने अकादमी काढली, पहिल्या तुकडीत गुकेश, प्रज्ञानंद, वैशाली, निहाल आणि आपल्या नागपूरचा रौनक साधवानी. आनंद तेव्हा स्वतः खेळत होते! ज्यांना शिकवलं त्यांच्यातल्याच गुकेशने पुढे क्रमवारीत भारतातला पहिला क्रमांक त्यांच्याकडून घेतला. मागे कंपनीचा पैसा होता, म्हणून ते शिकवणं खोटं ठरतं का?

नेम_धरून

वजीर यांच्याशी सहमत. नेमबाजीतलं लिहितो, बालेवाडीच्या रेंजवर मुलीला घेऊन जातो म्हणून जवळून माहीत आहे.

गगन नारंग यांची 'गन फॉर ग्लोरी' २०११ साली बालेवाडीतच सुरू झाली. त्यांचं लंडनचं कांस्य २०१२ चं. म्हणजे ऑलिंपिक पदकाचं नाव विकायला अकादमी काढली असं म्हणावं, तर तेव्हा ते पदकच नव्हतं. रायफल महाग, गोळ्या महाग, जॅकेट महाग. आपल्या पोराचं अंग वाढलं की पुन्हा नवं जॅकेट. रेंजवर सामान उसनं मिळतं हीच आमच्यासारख्यांसाठी मोठी गोष्ट.

दुसरं उदाहरण मला त्याहून मोलाचं वाटतं. दीपाली देशपांडे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये रायफल थ्री पोझिशन्स, म्हणजे गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभं राहून नेम धरायचा प्रकार, खेळलेल्या. टोकियोनंतर राष्ट्रीय प्रशिक्षकांच्या पथकात त्यांना जागा राहिली नाही. पद गेलं, तरी त्यांनी आपल्या नेमबाजांना सोडलं नाही. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्य घेतलं, तो त्यांचाच. कोल्हापूरच्या कांबळवाडीचा पोरगा, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. तो त्यांना आईच्या जागी मानतो. हातात पद नसताना कोण शिकवत राहतं ते मी बघतो. मुलीसाठी प्रशिक्षक निवडताना मी हेच पाहिलं.

थेरगावकर

क्रिकेटचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

आमच्या थेरगावात दिलीप वेंगसरकरांची अकादमी आहे. ऋतुराज गायकवाड लहानपणी तिथेच आला आणि पुढे भारताकडून खेळला. मी सकाळी फिरायला जायचो तेव्हा जाळ्यात सरावाला आलेल्या पोरांच्या बॅटचा आवाज ऐकू यायचा. हा आवाज आमच्या भागात त्याआधी नव्हता.

संशयाचं म्हणाल तर क्रिकेटमध्ये त्याला नियमाचं रूप मिळालं. लोढा समितीनंतर हितसंबंधांचा नियम आला, म्हणजे एकाच माणसाने एकमेकांत गुंतलेली दोन पदं धरायची नाहीत. २०१९ मध्ये तेंडुलकर, गांगुली, लक्ष्मण, द्रविड या चौघांनाही नोटिसा गेल्या. द्रविडवर आक्षेप असा की राष्ट्रीय अकादमीचे प्रमुख असताना इंडिया सिमेंट्समधली नोकरीही आहे. पुढे त्यांना निर्दोष ठरवलं. तेव्हा मी फार चिडलो होतो, द्रविडवर संशय म्हणजे हद्द झाली! आता वाटतं, नियम सगळ्यांना सारखा होता तेच बरं झालं. विचारलं, उत्तर मिळालं, विषय संपला. विचारलंच नसतं तर कुजबुज वर्षानुवर्षं चालली असती.

याच द्रविडचं २०१८ चं आठवतं. एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक जिंकल्यावर मंडळाने प्रशिक्षक म्हणून त्यांना ५० लाख आणि बाकीच्या साहाय्यकांना २० लाख जाहीर केले. त्यांनी सगळ्यांना सारखे द्या म्हणून सांगितलं. शेवटी सर्वांना २५ लाख. त्यांचे निम्मे गेले. हेतूबद्दल भाषण करावं लागलं नाही.

बॅकहँड

नियमाचा मुद्दा बॅडमिंटनला तर अगदीच लागू. गोपीचंद यांनी ऑल इंग्लंड जिंकल्यावर शीतपेयाची जाहिरात नाकारली, अकादमीसाठी घर गहाण टाकलं, त्यांच्या हाताखालून सायना आणि सिंधू ऑलिंपिकच्या मंचावर गेल्या. या माणसाच्या तळमळीवर मी कधी शंका घेणार नाही. पण तेच राष्ट्रीय मुख्य प्रशिक्षक, तेच खासगी अकादमीचे प्रमुख. दुहेरीच्या खेळाडू ज्वाला गुट्टा यांनी यावर उघड बोट ठेवलं तेव्हा लोकांनी त्यांनाच झोडपलं. माझ्या मते त्यांचा प्रश्न बरोबर होता. माणूस सोन्यासारखा असला तरी निवड आणि शिकवणी एका हातात आली की दुसऱ्या अकादमीतल्या पोराच्या आईवडिलांना रात्री झोप लागत नाही. त्यांना तुम्ही संशयखोर म्हणणार का?

निदानरेषाताई, तुमचे सर जिल्हा संघटनेच्या निवड समितीवर आहेत का? असतील तर प्रश्न विचारायला हवा. नसतील तर मला तरी काही अडचण दिसत नाही.

निदानरेषा

@बॅकहँड, मीही हेच विचारलं होतं. नाहीत. कुठल्याच संघटनेवर नाहीत.

@पावती, तुमच्या मुलाचा फोरहँड मनातून जात नाहीये. मी धागा काढताना ग्रुपवरच्या लोकांवर चिडून लिहिलं होतं. तुमचं वाचल्यावर वाटतंय, त्यांच्यातही कुणाच्या कपाटावर अशी रॅकेट असेल.

क्रीडाशिक्षक_३१_वर्षे

सर्वांना नमस्कार. एकतीस वर्षं अनुदानित शाळेत खेळ शिकवला, आता निवृत्त आहे. या धाग्यावर एक गोष्ट सुटतेय.

मोठा खेळाडू पोराला शिकवायला येतो तेव्हा ते पोर बहुतेक वेळा आधीच कुणीतरी शोधलेलं असतं. शाळेच्या मैदानावर चुन्याने रेषा मारणारा, स्पर्धेला जाताना स्वतःच्या खिशातून वडापाव देणारा, आईची समजूत घालणारा कुणीतरी असतो. माझी एक विद्यार्थिनी. पाचवीत असताना मधल्या सुट्टीत मुलांच्या मागे धावताना मी तिला हेरलं. चार वर्षं तिच्याबरोबर पहाटे पर्वती चढलो. नववीत ती राज्यस्तरावर आली आणि एका नामांकित केंद्राने तिला नेलं. चांगलंच झालं, माझ्याकडे तिला द्यायला आणखी काही उरलं नव्हतं. पण पुढच्या वर्षी चौकात फ्लेक्स लागला, तिचा फोटो, तिच्याहून मोठा त्या खेळाडूचा फोटो, आणि खाली "आमचा शोध". तो फ्लेक्स उतरेपर्यंत मी तीन आठवडे दुसऱ्या रस्त्याने शाळेत गेलो.

रमाकांत आचरेकर सर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले होते. चांगलं शिकवायला मोठं नाव लागतंच असं नाही, आणि नाव मोठं असलं म्हणजे शिकवता येतंच असंही नाही. तुमच्या कबड्डीच्या सरांबद्दल वाचून मला बरं वाटलं ते गुडघ्यामुळे. मोठे खेळाडू बहुतेकदा करून दाखवतात. हे स्वतः पडून दाखवतायत.

आणि पालकांचे हेतूही तपासा. दहावी-बारावीचे वाढीव क्रीडागुण, सरकारी नोकरीतलं पाच टक्के आरक्षण, यासाठी "सर, फक्त प्रमाणपत्राचं बघा" म्हणत माझ्या दारात आलेले पालक मी मोजले नाहीत इतके आहेत. मुलाला खेळ आवडतो का, हे त्यांच्यापैकी फार थोड्यांनी विचारलं.

लालमाती

गुरुजी, साष्टांग नमस्कार. ती मुलगी भेटते का आता?

क्रीडाशिक्षक_३१_वर्षे

गुरुपौर्णिमेला येते. पोलिसात आहे. दरवर्षी पर्वतीच्या पायथ्याशी भेटतो आणि हळूहळू वर जातो. आता ती माझ्यासाठी थांबते.

रानजाई

सगळे हेतूबद्दल बोलतायत, मी आई म्हणून एक रोखठोक मुद्दा मांडते. माणूस देशासाठी खेळलाय म्हणून आपण मुलांना डोळे झाकून सोपवतो, हे चुकीचं आहे. फुकट असो की पैसे घेऊन. पकड शिकवायची म्हणजे अंगाला हात लागणार, खेळच तसा आहे. म्हणून सरावाच्या वेळी किमान दोन पालक मैदानावर हवेत, मुलींसाठी एखादी बाई मदतीला हवी, एकट्या मुलाला कुणी गाडीवरून घरी सोडायचं नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्ध २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, पण कायदा घडून गेल्यावर कामी येतो. सर चांगले असतील तर त्यांनाही हे हवंच असेल, त्यांच्यावर उद्या कुणी खोटा आळ घेऊ नये म्हणूनही. निदानरेषा, तुमच्याकडे कोण असतं मैदानावर?

निदानरेषा

खरं सांगायचं तर मी एकटीच असते. कधीकधी वस्तीतल्या एक आजी येतात, नातवाला बघायला. तुमचं अगदी पटलं. मी आज संध्याकाळी सरांना फोन केला आणि हे सगळं जसंच्या तसं बोलले. थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी दिवाळीपासून वाट बघतोय कुणी पालक उभं राहायला येईल म्हणून. आमच्या वेळी आखाड्यापाशी अख्खी आळी उभी असायची."

मी पुढे विचारलंच, की सर, तुम्ही हे का करता. म्हणाले, त्यांना शिकवणारे गेले तेव्हा हे परदेशात खेळत होते, अंत्यदर्शनालाही पोचता आलं नाही. एवढंच बोलले. मीही पुढे विचारलं नाही.

थेरगावकर

मैदानाच्या जागेवरून कुणी बडबड करत असेल तर महापालिकेकडे माहिती अधिकारात अर्ज टाका. जागा कुणाला दिली आहे, दिली असेल तर कुठल्या कराराने, आणि सकाळच्या वेळेला परवानगी लागते का. कागद हातात आला की ग्रुपवर टाका. अर्ज कसा लिहायचा ते हवं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी लिहून देतो.

वजीर

कबड्डीचा विषय आहे म्हणून एक राहिलं. मार्च २०२४ मध्ये पुणेरी पलटण पहिल्यांदा प्रो कबड्डी जिंकली तेव्हा प्रशिक्षक बी. सी. रमेश होते, तेही माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू आणि अर्जुन पुरस्काराचे मानकरी. लीगमुळे निवृत्त कबड्डीपटूला पहिल्यांदाच बरा पगार मिळायला लागला. तुमच्या सरांची पिढी त्याच्या आधीची असावी. त्यांना ते पैसे मिळाले नाहीत, तरी रविवारी येतात.

पावती_जपून_ठेवा

सगळं वाचलं, दोनदा वाचलं.

माझं मत बदललं असं म्हणणार नाही. माझ्या पैशाचं आणि पोराचं जे झालं ते झालंच. पण मुलाला हा धागा वाचायला दिला. घोटा धरायचा भाग त्याने वाचला आणि विचारलं, त्या मुलाचे डोळे मग पुढच्या रविवारी उघडे राहिले का?

निदानरेषा

पहिल्या दोन वेळा मिटले. नंतर उघडे होते.

पावती, रविवारी साडेसहाला सुरू होतं. त्याला घेऊन या, खेळला नाही तरी चालेल. आणि तुम्ही थांबा, रानजाई म्हणतात तसा दुसरा पालक मला हवाच आहे. मैदानाच्या पुढच्या फाटकाला आठपर्यंत कुलूप असतं. मागच्या बाजूने, पाण्याच्या टाकीपाशी छोटं दार आहे, तिथून या. सायकल आत लावता येते.